डायलचं कुलूप

गेल्या महिन्यात अंबडच्या एका कारखान्यातल्या नोटीस बोर्डाचा फोटो नाशिकभरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. ए-फोर कागद, खाली कंपनीचा गोल शिक्का आणि मजकूर चारच ओळींचा. कामाच्या वेळेत कंपनीच्या कॉम्प्युटरवर वा स्वतःच्या मोबाइलवर वैयक्तिक इंटरनेट वापरताना कोणी आढळल्यास त्या दिवसाचा पगार कापण्यात येईल. सर्व कॉम्प्युटरवर लक्ष ठेवण्यात येत आहे याची नोंद घ्यावी. दोन दिवस त्यावर रण माजलं. कारखानदारांच्या ग्रुपवर सूर असा, की पगार आम्ही देतो, कॉम्प्युटर आमचा, लाइट बिल आमचं, मग चुकलं काय? पोरांच्या ग्रुपवर सूर असा, की आम्ही वेठबिगार आहोत का, प्रायव्हसी नावाची काही चीज आहे की नाही? मी दोन्ही ग्रुपांवर असतो, कारण गेली बावीस वर्षं सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या छोट्या कारखान्यांचे आणि दोन-तीन पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आहे. शेठ मला बोलावतात साइट बंद करायला. शेठची पाठ फिरली की पोरं विचारतात, ‘दादा, तेवढं एक युट्युब चालू ठेवा ना.’ दोन्ही बाजूंचा चहा मी प्यायलो आहे आणि या भांडणात दोन्ही बाजू चुकीच्या मुद्द्यावर भांडताहेत असं माझं मत आहे.

काय म्हणायचं ते आधीच सांगून टाकतो. नियम हवेत. आज आहेत त्यापेक्षा कडकच हवेत. पण ते उघड लिहिलेले हवेत, ज्याला पाळायचे त्याला वाचता येतील अशा भाषेत हवेत, आणि शेठलाही लागू हवेत. भिंतीवर धमकी चिकटवायची आणि कॉम्प्युटरमध्ये गुपचूप हेर बसवायचा, याला नियम म्हणत नाहीत. आणि ज्या नुकसानीच्या भीतीनं हे सगळं केलं जातं, ते नुकसान त्यानं टळत नाही, वाढतं. हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, हार्ड डिस्क उघडून बसणारा माणूस म्हणून सांगतोय.

त्या नोटिशीबद्दल एक गंमत कोणाच्या लक्षात आली नाही. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात कलम ८ होतं, दंडाबद्दलचं. दंड करायचा तर कोणत्या चुकीला करणार ती यादी आधी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागते, माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि एका पगारात एकूण दंड तीन टक्क्यांच्या वर जाता येत नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०१९च्या वेतन संहितेनंही ती तीन टक्क्यांची मेख तशीच ठेवली. आता हिशेब करा. महिन्याचे तीस दिवस धरले तरी एका दिवसाचा पगार सव्वातीन टक्क्यांच्या पुढे जातो, सव्वीस धरले तर पावणेचारच्याही वर. म्हणजे शिस्तीची नोटीस स्वतःच बेशिस्त! कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर पाहणं मोठा गुन्हा की कायदा न वाचता शिक्का मारणं?

माझी पहिली नोकरी १९९२ साली सातपूरच्या एका कारखान्यात, डिस्पॅच क्लार्कची. ऑफिसात एकच फोन, गोल डायलचा, काळा. त्या डायलच्या एका भोकात बोटभर लांबीचं पितळी कुलूप अडकवलेलं असायचं. फोन येऊ शकतो, लावता येत नाही. चावी मोठ्या साहेबांच्या खिशात. उद्देश उघड होता, एसटीडीचं, म्हणजे परगावच्या फोनचं, बिल. आठवड्याच्या आत तिथल्या एका फिटरनं मला शिकवलं की डायल फिरवायची गरजच नसते. रिसीव्हर ठेवतो त्या हुकावर बोटानं टिचक्या मारायच्या. पाचासाठी पाच टिचक्या, शून्यासाठी दहा. मुंबई लावायची तर आधी दहा, थोडं थांबून दोन, पुन्हा दोन, आणि मग पुढचा नंबर. हात बसायला दोन दिवस लागले. फोन करणारा बाहेर कोणीतरी उभा करायचा, पुढचं बोलणं कुजबुजत. बिल काही कमी झालं नाही. फरक एवढाच पडला की आधी जो माणूस साहेबांना विचारून ‘आई आजारी आहे, गावी एक फोन करू का’ म्हणायचा, तो आता विचारेनासा झाला. पुढे साहेबांनी कुलूप काढून एक वही ठेवली: नाव, नंबर, काम, वेळ. महिनाअखेरीस खासगी कॉलचे पैसे पगारातून वळते. बिल खाली आलं. वही कुलपापेक्षा कडक होती, कारण तिच्यात स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहावं लागायचं. आणि हो, साहेबांच्या मुलाचे पुण्याचे कॉलही त्याच वहीत असायचे.

आता शेठ लोकांची बाजू, कारण ती पोरं समजतात तेवढी पोकळ नाही. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रावर) किंवा पॉवर प्रेसवर उभा असलेला ऑपरेटर रील बघत असेल तर तिथे चर्चाच नाही. तिथे प्रश्न बोटांचा आहे आणि शॉप फ्लोअरवर मोबाइल बंदी म्हणजे बंदी. दुसरं, आमच्याकडचे बरेच कारखाने मोठ्या वाहन कंपन्यांचे व्हेंडर. त्यांची ड्रॉइंग आपल्या सर्व्हरवर असतात, गुप्ततेच्या करारावर सही आपल्या शेठची असते. सुपरवायझरनं पेनड्राइव्हवर ड्रॉइंग नेली आणि दोन गाळे सोडून स्वतःचं टूलरूम टाकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या शेठला ‘कर्मचाऱ्यावर विश्वास ठेवा’ असं सांगायला मला तोंड नव्हतं. तिसरं, कायद्याचं ओझं. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि यंत्रणेच्या नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस सांभाळायच्या. ऑफिसच्या कनेक्शनवरून कोणी काही भलतंसलतं टाकलं तर पोलिस आधी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याच दारात येणार. मग नोंदी ठेवू नका असं शेठला कोण सांगणार?

आणि प्रायव्हसीचा जो हुकमाचा पत्ता पोरं टाकतात, तो इथे वाटतो तितका चालत नाही. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरं. पण मूलभूत हक्काची ढाल मुख्यतः सरकारसमोर धरायची असते, अंबडच्या प्रायव्हेट लिमिटेडसमोर ती आपोआप उभी राहत नाही. उलट २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ वाचा. नोकरीच्या कारणासाठी, व्यवसायाची गुपितं सांभाळण्यासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला तिथे कर्मचाऱ्याच्या संमतीचीसुद्धा अट नाही. कायदा बराचसा शेठच्या बाजूनं झुकलेला आहे. शिवाय सव्वानऊला शेअर बाजार उघडला की कंपनीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात ऑप्शनचे हिरवे-लाल आकडे लावून बसायचं आणि कोणी टोकलं की प्रायव्हसी आठवायची, याला मी तरी हक्क म्हणणार नाही.

इतकं सगळं मान्य करूनही माझं उत्तर बदलत नाही, ते का? कारण नोंद ठेवणं आणि डोकावणं या दोन गोष्टींची सगळे गल्लत करतात. गेटवरचा वॉचमन गाडीचा नंबर लिहितो, डिकी उघडून बघतो. तुमच्या डब्याखाली ठेवलेलं बायकोचं पत्र तो वाचत नाही. कोणत्या कॉम्प्युटरवरून, किती वाजता, कुठल्या साइटवर किती डेटा गेला, ही नोंद झाली. प्रत्येक दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढून शेठच्या मोबाइलवर पाठवणं हे डोकावणं. सर्ट-इननं नोंदी मागितल्या आहेत, फोटो नव्हे. तरी दर दोन-तीन महिन्यांनी एखादा शेठ मला बाजूला घेऊन विचारतोच, ‘ते कुणाला कळणार नाही असं एक सॉफ्टवेअर असतं ना?’ असतं. मी बसवत नाही. धंद्याचं नुकसान होतं, पण मी बसवलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्ये अकाउंटच्या मुलीचा बँकेचा पासवर्डही टिपला जाणार आणि उद्या तिच्या खात्यातून पैसे गेले तर आरोपी कोण, हा प्रश्न विचारला की शेठही गप्प बसतात.

युरोपात हा वाद शेवटपर्यंत लढला गेलाय. रोमानियात बुखारेस्टच्या एका कंपनीनं आपल्या विक्री अभियंत्याला ग्राहकांशी बोलण्यासाठी याहू मेसेंजरचं खातं उघडायला लावलं. मग २००७ साली काही दिवस त्यावरचं बोलणं टिपलं. तो म्हणाला, मी फक्त कामाचंच बोललो. कंपनीनं त्याच्यापुढे पंचेचाळीस पानांची प्रत टाकली, त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेलं खासगी बोलणंही होतं. नोकरी गेली. तो रोमानियातल्या कोर्टांत हरला, मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाच्या पहिल्या पीठापुढेही हरला. ५ सप्टेंबर २०१७ला त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. इथे नीट लक्ष द्या, कारण हा निकाल दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं सांगतात. मालकानं लक्ष ठेवूच नये असं ते न्यायालय म्हणालं नाही. त्या अभियंत्याला वैयक्तिक वापराच्या बंदीचा नियम माहीत होता. पण आपलं बोलणं शब्दन् शब्द वाचलं जाणार आहे, कुठवर वाचलं जाणार आहे, हे त्याला आधी सांगितलं गेलं नव्हतं, आणि देशातल्या कोर्टांनी हे तपासलंच नाही, यावर बोट ठेवलं गेलं. ‘सर्व कॉम्प्युटरवर लक्ष ठेवण्यात येत आहे’ या वाक्यात काय सांगितलंय? काय बघणार, कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कशासाठी वापरणार? काहीच नाही. त्यात माहिती कमी आणि दरारा जास्त.

दराऱ्यानं काय होतं याची गोष्ट आपल्याच गावातली आहे. २०२१ साली नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून पाच लाख रुपयांच्या नोटा गहाळ झाल्या. गेटवर झडती, जागोजागी कॅमेरे, अशी ती जागा. गावात चोरीच्या सुरस कथा सुरू झाल्या. पोलिसांचा तपास संपला तेव्हा निघालं असं की चोरी झालीच नव्हती. नोटा प्रेसमध्येच चुकून नष्ट झाल्या होत्या आणि चूक भीतीपोटी वर सांगितली गेली नव्हती. मला प्रेसला नावं ठेवायची नाहीत, माझ्या नात्यातली तीन घरं त्या प्रेसच्या पगारावर वाढली. पण कॅमेरा हात दाखवतो. ‘साहेब, माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य कॅमेऱ्याला तोंडातून काढता येत नाही.

तसंच मी दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात पाहिलं. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही, असे पन्नास आहेत. महिन्याची १८ तारीख, दोन दिवसांवर जीएसटीचं ३-बी हे विवरणपत्र भरायचं. दुपारी साडेचारला फोन आला, ‘दादा, टॅली उघडत नाही, लवकर या.’ गेलो तर सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलच्या नावामागे भलतीच अक्षरं चिकटलेली आणि स्क्रीनवर पैशाची मागणी. बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरलाच कायम जोडलेली, त्यामुळे तीही गेली. मी एकेक मशीन बघत अकाउंटच्या ताईंपाशी पोचलो. त्यांचं मशीन सगळ्यात आधी गेलेलं होतं, फायलींवर वेळ लिहिलेली असते, सकाळी दहा चाळीस. म्हटलं, ताई, सहा तास काय करत होतात? त्या रडायलाच लागल्या. सकाळी त्यांनी मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची साइट उघडली होती, यादी लागणार होती म्हणून. पाचच मिनिटं. नंतर कोटेशन म्हणून आलेली एक फाइल उघडायला गेल्या, ती उघडली नाही, मशीन जड झालं, आयकॉन पांढरे पडले. त्यांना वाटलं प्रवेशाच्या साइटमुळेच झालं. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर कागद होता: वैयक्तिक वापर आढळल्यास कारवाई. त्यांनी मशीन तीनदा बंद-चालू केलं, देवाचं नाव घेतलं आणि गप्प बसल्या. प्रवेशाच्या साइटचा काही संबंध नव्हता, घात कोटेशननं केला होता, म्हणजे शंभर टक्के कंपनीच्या कामानं. दहा चाळीसला त्यांनी हाक मारली असती तर मी फोनवर एकच सांगितलं असतं, मागची नेटवर्कची वायर उपटा. एक कॉम्प्युटर गेला असता. सात गेले, सर्व्हर गेला, चौदा महिन्यांचे हिशेब कागदांवरून पुन्हा भरावे लागले.

त्या शेठचा पहिला प्रश्न काय होता? ‘कुणी काय उघडलं होतं ते सांगा, पगारातून कापतो.’

एवढी भीती घालूनही खरी भगदाडं भलतीकडेच असतात. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर धुमाकूळ घातला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं, ज्यांनी केलं नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि त्यात मर्स्क या जहाज कंपनीच्या ताब्यातलं मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदराचं टर्मिनल ठप्प झालं. आपला कांदा आणि द्राक्षं ज्या बंदरातून परदेशी जातात तेच हे बंदर. तो व्हायरस पसरला कुठून? कोणी कर्मचारी गाणी ऐकत होता म्हणून नाही. युक्रेनमधल्या एका करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. आता आमच्या औद्योगिक वसाहतीत या. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं. विंडोज कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेलं, आणि अपडेट मुद्दाम बंद, कारण अपडेट केलं की खोटेपणा उघडा पडतो. ई-वे बिलाचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, डिस्पॅचची तिघं एकाच लॉगिनवर, जीएसटीचं लॉगिन शेठकडे, अकाउंटंटकडे आणि सीएच्या ऑफिसातल्या आर्टिकलच्या, म्हणजे शिकाऊ, पोराकडेही. ओटीपी शेठच्या मोबाइलवर, शेठ शिर्डीला, म्हणून ओटीपी ग्रुपवर टाकलेला! हे सगळं कोणी केलं? शेठनं, किंवा शेठच्या डोळ्यांदेखत. आणि नोटीस कोणाला? जो जेवणाच्या सुट्टीत स्कोअर बघतो त्याला. तिघं एका लॉगिननं काम करत असतील तर उद्या ड्रॉइंग बाहेर गेलं तेव्हा कोणी नेलं हे कोणत्या लॉगमध्ये शोधणार? ज्याला खरोखर कडक व्हायचंय त्यानं आधी प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन द्यावं आणि सॉफ्टवेअर विकत घ्यावं. त्याला पैसे लागतात. कागद चिकटवायला लागत नाहीत.

‘पण मग कामाचं काय? कामचुकारपणा मोजायचाच नाही का?’ असं एक शेठ मला तावातावानं विचारत होते. काम मोजा की. किती चलनं निघाली, किती बिलं अडकली, कोणत्या ग्राहकाला उत्तर गेलं नाही. कळफलकावर बोटं किती वेळा पडली हे मोजून काय मिळतं? हा मोह नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत व्यवस्थापनतज्ज्ञ फ्रेडरिक टेलरची मंडळी स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभी राहायची. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या साचेकामगारांनी त्यावरून संप केला, आणि चारच वर्षांनी अमेरिकी काँग्रेसनं अशा कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला पैसे द्यायचं बंद केलं. ती बंदी १९४९पर्यंत टिकली. आता स्टॉपवॉच कॉम्प्युटरच्या पोटात गेलाय, आणि माणसंही तीच आहेत. २०२४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेनं डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण ते कळफलक चालू असल्याचा नुसता आभास करत होते. माउस आपोआप हलवणारं यंत्र ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. मला ते बघितलं की हुकावरच्या टिचक्याच आठवतात.

मग नियम लिहायचा कसा? यासाठी परदेशी जायला नको. १९४६चा स्थायी आदेशांचा जुना कायदा काढून बघा. नोकरीच्या अटी आणि गैरवर्तन कशाला म्हणायचं, हे मालकानं लेखी मांडायचं. तो मसुदा कामगारांच्या युनियनकडे पाठवून हरकती ऐकायच्या, सरकारी अधिकाऱ्यानं तो प्रमाणित करायचा, आणि मग इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत कारखान्याच्या दाराशी, ठळक फलकावर लावायचा. स्वातंत्र्याच्या आधीच्या वर्षात, जेव्हा बहुतेक कामगारांना वाचताही येत नव्हतं, तेव्हा कायदा म्हणत होता की नियम त्यांच्या भाषेत लावा. मूळ कायदा शंभर कामगारांच्या कारखान्यापासून लागू होता, आपल्या राज्यानं तो पन्नासवर आणला, आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेनं तीनशेवर नेऊन ठेवला. म्हणजे मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते कारखाने त्यातून सुटले. सक्ती नाही म्हणून शहाणपणालाही सुट्टी द्यायची का? आज आमच्याकडे ‘आयटी पॉलिसी’ म्हणून जे असतं ते नेटवरून उतरवलेलं इंग्रजी बाड असतं. पहिल्या दिवशी पोरगं आधारची झेरॉक्स देतं, दोन फोटो देतं आणि त्या बाडाच्या शेवटच्या पानावर सही करतं. मागे एका कारखान्याचं ते बाड मी सहज वाचायला घेतलं. सतराव्या पानावर लिहिलं होतं की वाद उद्भवल्यास अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचे कायदे लागू होतील. शेठला विचारलं, डेलावेअर कुठंय? म्हणाले, ‘सीएंना माहीत असेल.’

आणि नियम शेठलाही लागू हवा, हे मी उगाच ताणत नाही. कंपनीचा वेळ आणि खासगी वेळ यांच्यामधली भिंत आधी कोणी पाडली ते बघा. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज, ‘उद्या पहिल्या पाळीत तो लॉट काढा.’ पोरगं स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर तो वाचतं आणि दोन निळ्या खुणा दिसल्या की उत्तराची अपेक्षा. सेल्सच्या मुलाच्या मोबाइलमध्ये हजेरीचं ॲप, त्यात त्याचं लोकेशन, रविवारीसुद्धा. कंपनीचं काम त्याच्या खिशात चोवीस तास बसलेलं चालतं, मग त्याची पाच मिनिटं कंपनीच्या स्क्रीनवर गेली की चोरी? २०२१च्या जुलैत राज्य शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांना परिपत्रक काढून सांगितलं, कार्यालयीन वेळेत मोबाइल गरजेपुरता, शक्यतो लँडलाइन वापरा, खासगी कॉल बाहेर जाऊन घ्या. चांगलंच आहे. कार्यालयाची वेळ संपल्यावर साहेबानं कोणता फोन वापरावा, हे त्या परिपत्रकाच्या नशिबी आलं नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७पासून मोठ्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या ईमेलबद्दल कामगारांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं, ते पुढे सरकलं नाही. ‘हे चोचले परवडणार नाहीत, धंदा बुडेल’ हे उत्तर मला पाठ आहे. रविवारच्या सुट्टीची कथाही आपल्याला पाठ हवी. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन पुढे केलं आणि सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. आज एकही शेठ असा नाही जो म्हणेल की रविवारमुळे धंदे बुडाले. (ग्रुपवर मेसेज मात्र तो रविवारीही टाकतो.)

एआयचं नवं प्रकरणही याच वळणावर जाणार असं दिसतंय. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५मध्ये ऑफिसच्या उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक वगैरे वापरू नका असं सांगितलं. सरकारी गुप्त कागदांसाठी ते समजू शकतो. पण आमच्याकडच्या शेठनं तोच कित्ता गिरवून साइट बंद केली की मुलगा ग्राहकाच्या पत्राचा फोटो स्वतःच्या मोबाइलनं काढणार, तिथल्या एआयला उत्तर लिहायला सांगणार आणि टाइप करून पाठवणार. फोटो मोबाइलमध्ये राहिला, लॉग रिकामा. ग्राहकाचं नाव, दर आणि ड्रॉइंग टाकायचं नाही, बाकी इंग्रजी सुधारून घ्यायला हरकत नाही, एवढं एक वाक्य सांगितलं तर तो पाळेल. मी तरी आतापर्यंत पाळताना पाहिलंय.

त्या ताईंच्या कारखान्यात पुढे काय झालं ते सांगतो. पगार कापला नाही, मी अडून बसलो म्हणून नव्हे, हिशेब पुन्हा भरायला त्याच लागणार होत्या म्हणून. दोन महिन्यांनी शेठनं मला, ताईंना, स्टोअरच्या एका जुन्या माणसाला आणि डिझाइनच्या मुलाला केबिनमध्ये बसवलं. वडापाव मागवले. कागद एकच पान झाला, मराठीत. मशीनपाशी मोबाइल नाही, अपवाद नाही. पेनड्राइव्ह फक्त स्टोअरच्या मशीनवर. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, दुसऱ्याचं वापरलं तर दोघांनाही मेमो. जेवणाच्या सुट्टीत आणि चहाच्या वेळेत नेट मोकळं. साइटची नोंद राहते, स्क्रीन कोणी बघत नाही, नोंद सहा महिन्यांनी पुसली जाते, आणि ती उघडायची तर शेठ एकट्यानं नाही, ज्याची आहे त्याच्यासमोर. काही विचित्र दिसलं आणि अर्ध्या तासात सांगितलं तर चूक कोणाचीही असो, दंड नाही. या शेवटच्या कलमावर शेठ बराच वेळ कुरकुरले. मग डिझाइनच्या मुलानं हळूच विचारलं, ‘आणि क्रॅकवालं कॅड?’ केबिनमध्ये एकदम शांतता. शेठनी माझ्याकडे बघितलं, मी वडापावकडे. दोन लायसन्स घ्यायचं ठरलं, तिसरं पुढच्या वर्षी.

अडलं ते ग्रुपच्या मेसेजवर. ताई म्हणाल्या, रात्री आठनंतर नको. शेठ म्हणाले, मुंबईची गाडीच साडेनऊला भरते, आठ कसे चालतील? स्टोअरवाले काका म्हणाले, गाडी भरते तेव्हा मी गेटवरच असतो, मला समोर येऊन सांगा की. वाद पाऊण तास चालला, निकाल लागला नाही. तो कागद आज हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी लावलेला आहे, खाली शेठची सही आहे, आणि नवव्या कलमात ‘रात्री’च्या पुढे जागा कोरी आहे.